होलिकाग्नीत काय अर्पावे, काय अर्पू नये

फाल्गुनी पौर्णिमेची होळी ही लेकराबाळांच्या रक्षणासाठी पेटविली जाते, या गोष्टीचा आज बहुतेकांना विसर पडला आहे. प्रल्हाद आणि होलिका यांची कथा सर्वांच्या तोंडी असते. परंतु भविष्योत्तर पुराणात युधिष्ठिराच्या प्रश्नावरून श्रीकृष्णांनी जी कथा सांगितली, ती ढुंढा नावाच्या राक्षसीची आहे. रघुराजाच्या राज्यात ही राक्षसी घराघरांत शिरून लहान मुलांना पीडा देत असे. देव, मानव आणि शस्त्रे यांचे तिला भय नव्हते. तेव्हा राजपुरोहितांनी असा उपाय सांगितला की, मुलांनी सुकी लाकडे आणि गोवऱ्या गोळा कराव्यात, त्यांची रास पेटवावी, तिला तीन प्रदक्षिणा घालाव्यात आणि मोकळ्या गळ्याने हसावे, ओरडावे. त्या अग्नीने आणि त्या कोलाहलाने ढुंढा पळाली. होळीपुढे बोंब मारण्याची आपल्याकडे जी चाल आहे, तिचे मूळ पुष्कळ जाणते लोक या कथेत पाहतात.

मुलांवरची पीडा घालविण्यासाठी लावलेल्या या अग्नीत हल्ली काय काय पडते, हे पाहावयाचे असेल तर शहरातल्या एखाद्या चौकातली होळी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहावी. एरंडाच्या फांदीचा कोळसा असतो, नारळाच्या करवंट्या असतात. आणि त्यांच्याच शेजारी टायरातली पोलादी तार उघडी पडलेली असते, विजेच्या वायरींतले तांब्याचे तुकडे चकाकत असतात, शुभेच्छांच्या फ्लेक्सचा वितळून काळा झालेला गोळा मातीला चिकटलेला असतो. जुन्या सोफ्याचे रेक्झिन, रंग दिलेले प्लायवूड, थर्माकोलचे मखर, तुटक्या पी.व्ही.सी. नळ्या हे सारे रात्रीत अदृश्य झालेले असते. ते गेले कोठे, हा आमचा आजचा विषय आहे.

होळी बंद करा, असे सांगणाऱ्यांत आम्ही नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. पुरणपोळीच्या नैवेद्याशिवाय आणि पेटत्या होळीला घातलेल्या प्रदक्षिणेशिवाय फाल्गुन सरावा, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. आमचा आक्षेप अग्नीला नाही, समिधांना आहे.

एका शब्दाचा घोटाळा

'सेंद्रिय' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेणखत येते, सेंद्रिय गूळ येतो. एकूण काही तरी सात्त्विक येते. रसायनशास्त्रात मात्र ज्यांच्या सांगाड्यात कार्बन आहे अशा संयुगांचा मोठा वर्ग, इतकाच या शब्दाचा अर्थ आहे. साखर सेंद्रिय, तूप सेंद्रिय, कापूर सेंद्रिय आणि डी.डी.टी.सुद्धा सेंद्रियच. या वर्गातील काही संयुगे फार चिवट निघाली. ऊन, पाऊस, जमिनीतले जिवाणू यांपैकी कोणाला ती सहसा दाद देत नाहीत. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाहीत, पण चरबीत सहज मुरतात. वाऱ्याबरोबर लांबवर जातात आणि जेथे उतरतात तेथे वर्षानुवर्षे राहतात. शास्त्रज्ञ त्यांना चिवट सेंद्रिय प्रदूषके म्हणतात.

२००१ साली स्टॉकहोम येथे राष्ट्रांनी एकत्र येऊन अशा बारा पदार्थांविरुद्ध करार केला. तो २००४ मध्ये अमलात आला आणि भारताने जानेवारी २००६ मध्ये त्यास मान्यता दिली. पुढे ही यादी वाढत गेली. केरळात कासारगोड भागातील काजूच्या मळ्यांवर फवारले गेलेले एंडोसल्फान तीत २०११ साली आले. मूळच्या बारांपैकी नऊ कीटकनाशके होती. त्यांतल्या डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि १९८९ साली भारताने त्याच डी.डी.टी.चा शेतीतील वापर बंद केला, एवढ्यावरून काळ कसा पालटतो ते दिसेल. दहावा पदार्थ विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील तेलात वापरला जाई. उरलेले दोन गट, डायॉक्सिने आणि फ्युराने, हे मात्र कोणत्याही कारखान्याने विकण्यासाठी कधी तयार केले नाहीत. ते काही रसायने बनविताना नकळत उपजतात, आणि आगीत जन्म घेतात. होळीशी संबंध येतो तो यांचा.

पावक आणि हव्यवाह

अग्नीला आपण पावक म्हणतो, पावन करणारा. अग्नीत टाकलेले सारे भस्म होते आणि भस्म पवित्र असते, ही श्रद्धा आपल्या रक्तात आहे. अग्नीचे दुसरे एक नाव हव्यवाह आहे. जे अर्पण केले ते तो पोहोचवितो. आजच्या विषयाला हे दुसरे नाव अधिक लागू पडते, असे आम्हाला वाटते. कारण अग्नी निवड करीत नाही. तूप दिले तर तूप नेतो आणि टायर दिला तर टायर नेतो.

डायॉक्सिन तयार होण्यास कार्बन, क्लोरीन आणि मध्यम उष्णता एवढे पुरते. तांब्यासारखा धातू जवळ असेल तर काम अधिक वेगाने होते. धूर निवत निवत साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यातून जात असताना राखेच्या आणि काजळीच्या कणांवर ही संयुगे जुळून येतात. ती मोडून काढायची तर ८५० अंशांहून अधिक उष्णतेत धूर निदान दोन सेकंद कोंडून ठेवावा लागतो. कचरा जाळण्याच्या आधुनिक भट्ट्यांना युरोपात तसा नियमच आहे. होळीच्या गाभ्यात ज्वाळा कितीही उंच गेल्या तरी तिच्या कडा धुमसतच असतात, आणि धूर तर मोकळ्या हवेत लगेच निवू लागतो. डायॉक्सिनला हवी असते ती हीच स्थिती.

क्लोरीन कोठून येतो? पी.व्ही.सी. या प्लास्टिकच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो. फ्लेक्सचा फलक म्हणजे पी.व्ही.सी.चा लेप दिलेले कापड. रेक्झिन बहुधा तेच. विजेच्या वायरीचे वेष्टनही तेच, आणि तिच्या पोटात तांबे. म्हणजे कार्बन, क्लोरीन आणि तांबे ही तिन्ही एकाच दोरीत गुंफलेली. भंगारातले तांबे सुटे करण्यासाठी वायरी जाळणाऱ्या वस्त्यांची माती जगात जेथे जेथे तपासली गेली, तेथे तेथे डायॉक्सिनचे प्रमाण मोठे आढळले आहे. साध्या पिशवीच्या पॉलिथिनमध्ये क्लोरीन नसतो, हे खरे. परंतु घरच्या कचऱ्यात मीठ असते, आणि मिठात क्लोरीन असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने परसातल्या पिंपात घरगुती कचरा जाळून धुराचे मापन केले. २००० साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, दररोज दोनशे टन कचरा जाळणाऱ्या, धूर गाळणाऱ्या सुसज्ज भट्टीतून जेवढे डायॉक्सिन बाहेर पडते, तेवढे दोन ते चाळीस कुटुंबांच्या पिंपांतून बाहेर पडू शकते.

कोकणच्या वाचकांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो. समुद्राच्या पाण्यात भिजून खारावलेले लाकूड जाळल्यास डायॉक्सिन वाढते, असे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कागदगिरण्यांत दिसून आले. तेथे ओंडके समुद्रातून तरंगत आणले जात आणि त्यांची साल बॉयलरमध्ये जाळली जाई. तेव्हा शिमग्याला मोडक्या होडीच्या फळ्या घालण्याचा मोह टाळलेला बरा. वरून तेलरंगाचे थर असतात ते वेगळेच.

एवढे सांगून शुद्ध लाकडाच्या धुराला निर्दोष ठरविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अर्धवट जळणाऱ्या कोणत्याही लाकडातून, शेणीतून, कोळशातून बेन्झोपायरीन आणि त्याची भावंडे निघतात. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या पुढील आयुष्यात होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. त्या काजळीतील दोषी पदार्थांपैकी हा एक, हे कळावयास १९३३ साल उजाडले. भारताने २००९ साली हवेच्या शुद्धतेची जी मानके ठरविली, त्यांत एका घनमीटर हवेत बेन्झोपायरीन वर्षाच्या सरासरीने एक नॅनोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागापेक्षा, अधिक नसावे असे म्हटले आहे. टायर जळताना हा पदार्थ आणि त्याची जातभाई लाकडाच्या मानाने कितीतरी अधिक निघतात. तो दाट काळा धूर म्हणजे त्यांचीच काजळी. फरक एवढाच की बेन्झोपायरीन शरीरातून काही दिवसांत निघून जाते, जरी जाता जाता पेशींना इजा करून जाते. डायॉक्सिन मात्र घर करते.

'आमचे आजोबाही होळी पेटवीत होते'

हा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी हमखास करतात, आणि तो योग्य आहे. हजारो वर्षे माणूस लाकूड जाळीत आला. मग हे विष आताच कोठून आले? त्याचे उत्तर एका सरोवराच्या तळाशी सापडले.

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर नावाच्या समुद्रासारख्या विशाल सरोवरात आइल रॉयल हे बेट आहे. त्या बेटावर सिस्किविट नावाचे दुसरे लहान सरोवर आहे. त्याच्या काठी कारखाना नाही आणि सुपीरियरचे पाणीही त्यात येत नाही. तेथे जे पोहोचते ते आकाशातून. सरोवराच्या तळाशी दरवर्षी गाळाचा पातळ थर बसतो, जणू निसर्गाने ठेवलेली चोपडीच. रोनाल्ड हाइट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चोपडी पानापानाने उलगडली आणि १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधारण १९४० पूर्वीच्या थरांत डायॉक्सिने आणि फ्युराने नाममात्र होती. त्यानंतरच्या थरांत ती चढत गेली. अमेरिकेत कोळसा तर त्याआधीही भरपूर जळत होता. १९४० च्या सुमारास जे नव्याने आले ते क्लोरीनयुक्त रसायनांचे आणि प्लास्टिकांचे युग, आणि त्या वस्तू कचऱ्यात जाऊन जळू लागल्या. निर्जन बेटावरील त्या तळ्यात ते विष शेकडो मैलांवरून वाऱ्याने आणून टाकले.

तेव्हा आजोबांची होळी आणि आपली होळी यांत अग्नी तोच आहे, आहुती पालटली आहे. आम्हाला हा पुरावा अतिशय मोलाचा वाटतो, कारण तो परंपरेच्या बाजूने साक्ष देतो.

सेव्हेसोची मुले

इटलीतील मिलान शहराच्या उत्तरेस सेव्हेसो हे गाव आहे. शेजारच्या मेदा येथे एक रासायनिक कारखाना होता. १० जुलै १९७६ रोजी, शनिवारी दुपारी, तेथील एका पात्रातील मिश्रण अनावर तापले, झडप फुटली आणि पांढरट ढग वाऱ्यासरशी सेव्हेसोवर गेला. त्यात डायॉक्सिन वर्गातील सर्वांत जहाल संयुग होते. ढगाला उग्र वास होता, पण कोणी जागच्या जागी मरण पावले नाही. उन्हाळ्याचे दिवस असल्याने मुले बाहेर खेळत होती, परसातली भाजी लोक खात होते.

काही दिवसांत ससे आणि कोंबड्या मरू लागल्या. पाठोपाठ मुलांच्या चेहऱ्यांवर पुरळ उठले. क्लोरॲक्ने नावाचा हा त्वचारोग डायॉक्सिनची ठळक खूण मानला जातो. मुरुमांसारख्या गाठी येतात, महिनोन् महिने राहतात आणि व्रण ठेवून जातात. सुमारे दोनशे जणांना तो झाला, त्यांत बहुसंख्य मुले होती. लोकांना हलविण्यास पंधरवडा गेला. सर्वांत बाधित भागातून सातशेहून अधिक माणसांनी घरे सोडली. विष अन्नात जाऊ नये म्हणून पुढे हजारो जनावरे मारावी लागली. त्या भागाची वरची माती खरवडून मोठ्या खड्ड्यांत बंदिस्त केली गेली आणि तेथे आता ओकवृक्षांचे उद्यान आहे.

पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. मोकारेल्ली या वैद्यांनी त्या भागातील दांपत्यांच्या अपत्यांची नोंद ठेवली. सर्वाधिक बाधित विभागात १९७७ ते १९८४ या काळात २६ मुलगे आणि ४८ मुली जन्मल्या. एरवी मुलगे किंचित अधिकच जन्मतात. पुढील अभ्यासात हा पालट वडिलांच्या शरीरातील डायॉक्सिनशी निगडित दिसला, आणि जे वडील १९७६ साली स्वतः अजून वाढीच्या वयाचे होते त्यांच्या बाबतीत तो अधिक होता. मुलगी घरात आली याचे दुःख करण्याचा प्रश्न नाही. एका दुपारच्या ढगाने पुढच्या पिढीच्या जन्मावर हात ठेवला, हे येथे पाहावयाचे.

गवतावरून दुधात

होळीचा धूर सेव्हेसोच्या ढगाइतका विषारी असतो, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. एका रात्रीच्या होळीने दम्याच्या रोग्याला आणि तान्ह्या मुलाला धुराचा त्रास होतो, तो डोळ्यांना दिसतो. डायॉक्सिनचा मार्ग वेगळा आहे. तो थोडा थोडा साठतो, आणि बहुतांशी नाकावाटे येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातून जाते. मुख्यत्वे मांस, मासे आणि दूधदुभते यांतून.

मांसमच्छी न खाणाऱ्या घरांनी येथे निश्चिंत होऊ नये. धुरातील कण गवतावर आणि कडब्यावर उतरतात. गाय ते खाते. डायॉक्सिन तिच्या चरबीत मुरते आणि दुधाच्या स्निग्धांशाबरोबर बाहेर पडते. म्हणजे साय, लोणी, तूप. ज्या अंशासाठी आपण दूध घेतो, त्याच अंशात ते बसलेले असते आणि उकळल्याने जात नाही.

हे परदेशातच घडते असे नाही. चेन्नईच्या पेरुंगुडी येथील उघड्या कचराभूमीच्या मातीत डायॉक्सिने आढळल्याचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. तेथे कचरा टाकला जाई आणि धुमसत राही. पाठोपाठ त्या परिसरातील मातांच्या दुधाची तपासणी झाली आणि त्यात हे प्रमाण इतर ठिकाणच्या मातांपेक्षा अधिक निघाले. कारण शोधता बोट गाईच्या दुधाकडे गेले, कारण गाई त्या कचऱ्यावर चरत होत्या. शहरातील उकिरड्यावर तोंड घालणारी गाय पाहून आपल्याला वाईट वाटते ते तिच्या पोटात जाणाऱ्या पिशव्यांमुळे. तिच्या दुधात उतरणाऱ्या धुराचा विचार सहसा कोणी करीत नाही. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेली आग अनेकांना आठवत असेल. पूर्व उपनगरांवर दिवसचे दिवस धूर होता आणि महापालिकेच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती.

दुधातून आलेल्या विषाची कथा आपल्याला नवी नाही. कित्येक ठिकाणी होळीचा संबंध पूतनेच्या दहनाशीही जोडतात. पण ही उपमा कोणी आईवर लादू नये. आई पूतना नव्हे. तिच्या शरीरात हे आले ते तिच्या नकळत. आणि येथे एक गोष्ट ठासून सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. अंगावरचे दूध तोडू नये. ही सारी माहिती समोर असूनही जागतिक आरोग्य संघटना स्तनपानाचाच आग्रह धरते, कारण त्याचे लाभ या धोक्यापेक्षा फार मोठे आहेत. मुलाचे रक्षण करावयाचे ते दूध बंद करून नव्हे, तर आईपर्यंत पोहोचणारा धूर बंद करून.

शरीरात गेलेल्या डायॉक्सिनपैकी अर्धे कमी व्हावयास सुमारे सात ते अकरा वर्षे लागतात. विसाव्या वर्षी मुलीच्या शरीरात जे शिरले, त्यातले निम्मे ती तिशीच्या घरात असतानाही उरलेले असू शकते, आणि गर्भाला व तान्ह्याला त्याचा वाटा मिळतो. रोगप्रतिकारशक्ती मंदावणे, अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात बिघाड, यकृताला त्रास, वाढत्या गर्भाच्या मेंदूच्या जडणघडणीत व्यत्यय असे त्याचे परिणाम नोंदले गेले आहेत. या वर्गातील सर्वांत जहाल संयुगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. तज्ज्ञांच्या समितीने २००१ साली सुचविलेली सहनीय मर्यादा अशी: शरीराच्या दर किलो वजनास महिन्याला ७० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला महिन्याकाठी साडेतीन नॅनोग्रॅम झाले. मापे इतकी सूक्ष्म आहेत, म्हणूनच 'एवढ्याशा फ्लेक्सने काय होते' हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

वर्षभरात देशात जळणाऱ्या कचऱ्यापुढे होळीचा वाटा लहानच असणार, हेही आम्ही मान्य करतो. तरीही होळीविषयी लिहितो आहोत, कारण थंडीतल्या पहाटे रस्त्याच्या कडेला पालापाचोळ्याबरोबर पिशव्या पेटविणारा झाडूवाला त्या शेकोटीला हात जोडीत नाही. होळीला आपण नमस्कार करतो, तिच्यात नारळ अर्पण करतो आणि तो भाजलेला नारळ प्रसाद म्हणून वाटून खातो. काळी काजळी बसलेला टायरच्या धुरातला तो नारळ मुलांच्या हाती देताना जरा थांबावे.

धुळवडीची राख

दुसऱ्या दिवशी पंचांगात होलिकाविभूतिधारण असते. थंड झालेली राख कपाळाला लावावी, अंगाला लावावी, मातीत खेळावे. लाकडाच्या आणि गोवरीच्या राखेत दोष मानण्याचे कारण नाही. परंतु क्लोरीनयुक्त वस्तू जळाल्या असतील तर डायॉक्सिनचा मोठा भाग धुराबरोबर न जाता काजळीत आणि राखेतच राहतो. रंगाचे थर असलेल्या जुन्या लाकडाच्या राखेत शिसेही असू शकते. लहान मूल धुळवड खेळताना हात तोंडात घालणारच.

आणि माती विसरत नाही. जमिनीच्या पृष्ठभागावर हे संयुग निम्मे होण्यास नऊ ते पंधरा वर्षे लागतात असा अंदाज आहे, खोल मातीत त्याहून पुष्कळ अधिक. अमेरिकेतील मिसूरी राज्यात टाइम्स बीच नावाचे गाव होते. धूळ बसावी म्हणून १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील कच्च्या रस्त्यांवर टाकाऊ तेल शिंपडले गेले. त्यात डायॉक्सिन मिसळलेले आहे हे गावकऱ्यांना ठाऊक नव्हते. त्याच तेलाने शिंपडलेल्या त्या भागातील तबेल्यांत घोडे मेले होते. १९८२ च्या अखेरीस मातीची तपासणी झाली, आणि १९८३ साली सरकारने दोन हजारांहून अधिक वस्तीचे ते गावच विकत घेऊन मोकळे केले.

घराघरांत करावयाचे

आपल्या गल्लीतील होळीचा पसारा मांडणारी मुले बहुधा ओळखीचीच असतात. वर्गणी मागावयास येतील तेव्हा वर्गणीबरोबर पाच-पन्नास गोवऱ्या द्याव्यात. गोशाळांतून त्या मिळतात. मुले लाकूड 'पळवितात' ही जुनी गंमत आहे, ती राहू द्यावी. पण रंगविलेली फळी, प्लायवूड, सनमायका लावलेले दार आणि जुना पलंग अंगणात ठेवूच नये, म्हणजे ते पळविले जाणार नाही. वायर आणि टायर भंगारवाल्याला द्यावे आणि जाळण्यासाठी नको, असे बजावून द्यावे. फ्लेक्स मंडळाने छापूच नये हे उत्तम. छापलाच असेल तर पावसाळ्यात कोणाच्या छपरावर अंथरावयास द्यावा. गल्लोगल्ली चार होळ्यांऐवजी एक केली तर धूर आपोआप कमी होतो. लाकूड सुके असावे, कारण ओले लाकूड धुमसते. दमेकऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि तान्ह्या मुलांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर उभे राहून दर्शन घ्यावे. ज्यांना समजावून उमगत नाही त्यांना सांगावे की, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली.

विभूती घ्यावयाची ती घरच्या अंगणात पाच गोवऱ्यांची लहान होळी करून तिची घ्यावी. चौकातल्या होळीत काय पडले हे ठाऊक नसेल तर तिची राख तुळशीवृंदावनात किंवा परसातल्या आळ्यात घालू नये, भांडी घासावयास आणू नये, आणि तिच्या विस्तवावर मुलांच्या न्हाणीचे पाणी तापवू नये.